केबलचं माप

उन्नतीनं घाईघाईत लॅपटॉप मिटला तेव्हा आत पेन्सिल राहिली होती. पेन्सिलीला काही झालं नाही. लॅपटॉप उघडून पाहिला तर पडद्याचा अर्ध्याहून जास्त भाग डांबर ओतल्यासारखा काळा झाला होता, आणि उजवीकडे जेमतेम वीतभर पट्टी शिल्लक होती. मे महिन्यातली सकाळ, बाहेर आत्ताच अंगाची लाही होत होती, आणि चार वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती.

मुलाखत साधीसुधी नव्हती. घरांचे नकाशे तयार करणारी पुण्याची एक कंपनी होती आणि दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांतल्या चुका शोधणारं माणूस त्यांना हवं होतं. घरी बसून करायचं काम. उन्नतीला हे काम म्हणजे पोहणाऱ्याला तळं. इथंच शहरात, धरमपेठेत, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती होती, तेव्हा तिच्या टेबलावरून गेलेल्या नकाशात चूक सापडायची नाही, अशी तिची ख्याती होती. पुढं नवऱ्याची, म्हणजे रजतची, बदली जबलपूरला झाली. तिकडे तीन वर्षं गेली. परत येऊन प्रताप नगरात संसार मांडला तोवर ते ऑफिस बंद झालं होतं. तिनं ठिकठिकाणी अर्ज केले. उत्तर आलं ते या एकाच कंपनीचं.

मुलाखतीत एक नकाशा पडद्यावर दाखवणार आणि त्यातल्या चुका तिथल्या तिथं सांगायच्या, असं त्यांनी कळवलं होतं. वीतभर पट्टीत घराचं फार तर स्वयंपाकघर दिसलं असतं. मोबाइलवर नकाशा पाहायचा तर भिंत कुठली आणि खिडकी कुठली हे देवालाच ठाऊक. मुलाखत पुढं ढकला म्हणावं, तर तीन वर्षांनी आलेल्या एकुलत्या एक उत्तराला असं म्हणायची तिची हिंमत होईना. तिला रडू येत होतं. पण रडायलाही वेळ लागतो, म्हणून तिनं वरच्या मजल्यावरच्या धम्मानंद सरांचं दार वाजवलं.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. त्यांच्याकडे एक जुना मॉनिटर पडून होता. तो त्यांनी स्वतः उचलून खाली आणून दिला. "वापरा वहिनी, परत द्यायची काही घाई नाही," असं म्हणून ते पेपर तपासायला परत वर गेले. मॉनिटर उत्तम होता. फक्त त्याची केबल जुन्या पद्धतीची, निळ्या रुंद तोंडाची आणि आत सुयांची रांग असलेली होती. लॅपटॉपला त्या मापाचं भोकच नव्हतं.

रजत कामासाठी वर्ध्याला गेला होता. फोनवर तो म्हणाला, "काही नाही, एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागते. लॅपटॉपच्या बाजूनं एचडीएमआय, मॉनिटरच्या बाजूनं व्हीजीए. धरमपेठेत कुठंही मिळून जाईल. तू घेऊन ये ना."

"मी जाऊ की कंपनीनं पाठवलेलं वाचू? अजून अर्धंही झालं नाही माझं."

हे सारं ऐकत सोफ्याच्या कडेला मारोतराव बसले होते. मारोतराव म्हणजे रजतचे वडील. नरखेड तालुक्यात त्यांची मोसंबीची बाग होती, आणि पंचक्रोशीत कुणाची मोटार पाणी ओढेना झाली की मारोतरावांना मोटारसायकलवर बसवून नेत. सुनेच्या घरी मात्र आल्यापासून त्यांना कुणी काही करू देत नव्हतं. भाजी आणायला उठले तर भाजी घरपोच येई. नळ ठिबकतो म्हणून पान्हा मागितला तर रजत म्हणे, बाबा, तुम्ही आराम करा. आराम करून करून त्यांचं अंग आंबून गेलं होतं. रजतचा फोन संपायच्या आत त्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला.

"मी घेऊन येतो ना गा," ते फोनच्या दिशेनं म्हणाले. "त्यात काय हाय."

उन्नतीला संकोच वाटला. "बाबा, ऊन फार आहे."

"ऊन काय मले नवीन हाय? तू वाच."

"बरं, मग दुकानात नाव नीट सांगा. एचडीएमआय टू व्हीजीए."

"नावानं सामान आणलं का फसगत होते, पोरी. नमुना न्या लागते. म्या एक खेपेले नुसतं तोंडानं सांगून वायसर आणलं होतं. विहिरीवर आल्यावर पाहतो तं थे निघालं सायकलचं."

"मी फोटो पाठवते ना तुमच्या मोबाइलवर."

"फोटोत माप येते काय?" मारोतराव म्हणाले. "हत्तीचाही फोटो खिशात मावते."

उन्नतीनं वाद सोडला. ती डोक्यावरून पाणी घ्यायला न्हाणीघरात गेली. तिला वाटलं, घरातली एखादी जुनी वायर नमुना म्हणून नेतील. इथंच तिचा अंदाज चुकला.

मॉनिटरच्या बाजूचा प्रश्न मारोतरावांनी लगेच सोडवला. ती निळ्या तोंडाची केबल काढून त्यांनी गळ्यात अडकवली. प्रश्न होता लॅपटॉपच्या बाजूचा. तिथं नुसतं भोक होतं, आणि भोक काही खिशात घालून नेता येत नाही. पण नमुना नसला तर तो बनवता येतो, हे पंपाच्या कामात त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते स्वयंपाकघरात गेले. तिथं शोभाताईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, उडदाच्या पापडाचं पीठ कुटून कुटून अगदी मऊसूत करून ठेवलं होतं. मे महिन्यात शोभाताई कुठंही असोत, नरखेडात की प्रताप नगरात, पापड व्हायचेच.

"एक लाटी दे बरं," मारोतराव म्हणाले.

"कच्चं खासाल का आता? पोट दुखल."

"खात नाही वं. काम हाय."

उडदाचं पीठ मापासाठी फार गुणाचं. घट्ट असतं, चिवट असतं, दाबाल तो आकार धरतं. मारोतरावांनी लाटीचा गोळा लॅपटॉपच्या त्या भोकावर ठेवून अंगठ्यानं चांगला दाबला आणि हळूच ओढून काढला. गोळ्याला छान चपटं नाक आलं होतं. नाकाचा एक कोपरा तेवढा नव्हता. मारोतरावांनी तो निरखून पाहिला आणि मनाशी म्हणाले, कंपनीनं अशीच बनवली असल. कोपरा लॅपटॉपच्या पोटात राहिला आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही.

नाक दबू नये म्हणून त्यांनी गोळा पिशवीत घातला नाही. रजतच्या स्कूटरला पुढं मोबाइल ठेवायचा खळगा होता, त्यात तो देव मांडावा तसा मांडला आणि निघाले. शंकरनगर चौकातला सिग्नल उन्हाळ्यात जरा जास्तच लांब वाटतो. धरमपेठेत पोचेपर्यंत गोळ्याला भेगा पडल्या होत्या, आणि मघाचं गुबगुबीत नाक वाळून चिंचोळं झालं होतं.

दुकानदारानं गोळा हातात घेतला आणि हुंगला.

"काका, ये तो पापड है."

"पापड लाटल्यावर होते. आता हे माप हाय," मारोतराव म्हणाले. "याच्या नाकाएवढं तोंड एका बाजूनं पाह्यजे, अन दुसऱ्या बाजूनं हे गळ्यातलं बसलं पाह्यजे."

दुकानदार समंजस होता. त्यानं एक कन्व्हर्टर काढून नाकाशेजारी धरला. "काका, तुम्हाला हा लागेल बघा. सगळ्या लॅपटॉपला हाच लागते."

"मोठा होते ना."

"पीठ वाळलं असेल."

"माह्या हातचं माप आजवर चुकलं नाही. याच्यापेक्षा लहान दाखवा."

दुकानदारानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि लहान तोंडाचा कन्व्हर्टर काढून दिला. तो नाकाला तंतोतंत जुळला. मारोतराव विजयी चेहऱ्यानं परतले. सुनेचं अडलेलं काम आपण मार्गी लावलं, या विचारानं त्यांना ऊनसुद्धा बरं वाटलं.

घरी तो कन्व्हर्टर लॅपटॉपच्या भोकात घातला तर घागरीत चमचा टाकावा तसा खुळखुळायला लागला.

"बाबा, हा मिनी आहे," उन्नती म्हणाली. "हा कॅमेऱ्याला लागतो."

"नमुन्याले तं बरोबर बसला होता."

"असू द्या. मी जाऊन येते आता."

"तू काहून जाशीन? चूक माही, चक्कर माही." आणि ते निघालेसुद्धा. या वेळी नमुना न्यायचा नाही, दुकानात पोचल्यावर फोन लावून दुकानदाराच्या हातात द्यायचा, एवढं उन्नतीनं त्यांच्याकडून जिन्यातच कबूल करून घेतलं. त्याप्रमाणे फोन आला. ती दुकानदाराशी बोलली. तो म्हणाला, "मॅडम, मी काकांना हेच देत होतो." दोनच्या सुमारास मारोतराव योग्य तो कन्व्हर्टर घेऊन आले.

केबल जोडली. मॉनिटर लावला. त्यावर निळ्या चौकटीत इंग्रजी अक्षरं आली, "नो सिग्नल". कन्व्हर्टरचं तोंड या वेळी मापाचं होतं, पण अर्ध्यात जाऊन अडत होतं. उन्नतीनं काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. फुंकर मारली. मॉनिटर बंद करून चालू केला. त्या अक्षरांनी जागा सोडली नाही.

धम्मानंद सरांना पुन्हा खाली बोलावलं. सर आले ते बाह्या सारूनच. त्यांनी लॅपटॉपची तीन-चार बटणं एकत्र दाबली, मॉनिटरच्या पोटातली यादी उघडून वरपासून खालपर्यंत वाचली आणि शेवटी घरून आपली स्वतःची एचडीएमआय केबल आणून तीही लावून पाहिली. ती पण अर्ध्यातच अडली. सरांचा चेहरा गंभीर झाला. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या डॉक्टरचा होतो तसा.

"वहिनी, कन्व्हर्टर नाही, याचं पोर्टच गेलं दिसते. म्हणजे मदरबोर्डचं काम आहे. ते आज काही होणार नाही."

"असं कसं जाईन पोर्ट?" मारोतराव म्हणाले. "दुकानवाल्यानंच खराब माल देल्ला असल. मी दाखवून आणतो त्याले."

उन्नती नको म्हणत होती, पण तिसऱ्यांदा स्कूटरचा आवाज आला आणि विरून गेला. दुकानदारानं कन्व्हर्टर आपल्या कॉम्प्युटरला लावून दाखवला. तिथं चित्र स्वच्छ आलं. मारोतराव परत आले तेव्हा दुपट्टा घामानं चिंब होता आणि तोंड विस्तवासारखं लाल. ते खुर्चीत बसले आणि कुणाकडे न पाहता म्हणाले, "दुकानात चालते. आपल्याच घरी काहून चालत नाही, समजत नाही."

साडेतीन होत आले होते. उन्नतीनं वीतभर पट्टीत खिडकी ओढून आणली आणि कंपनीला ईमेल लिहायला घेतलं. माझ्या लॅपटॉपमध्ये बिघाड झाल्यामुळे, असं पहिलं वाक्य तिनं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. तिला माहीत होतं, पुढची तारीख पाठवतो म्हणणारे लोक पुन्हा पाठवत नाहीत. तिचे डोळे भरून आले. मारोतराव जमिनीकडे पाहत होते. धम्मानंद सर जावं की थांबावं हे न कळून मॉनिटरची वायर गुंडाळत आणि सोडत होते.

तेवढ्यात शोभाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"पापड कोण भाजून राह्यलं?"

कुणीच भाजत नव्हतं. गॅस बंद होता. "आजचे पापड तं अजून ओलेच हायेत," शोभाताई म्हणाल्या, "पण वास तं येऊन राह्यला." वास खरोखरच येत होता. हिंगाचा, मिऱ्याचा, खमंग. पंगतीत वाढपी पापडाची परात घेऊन फिरावा तसा दिवाणखान्यात फिरत होता. शोभाताईंनी नाकाचा माग धरला. त्या सोफ्यापाशी थांबल्या, कूलरपाशी थांबल्या, आणि हुंगत हुंगत टेबलापर्यंत येऊन लॅपटॉपवर वाकल्या.

"हा भाजून राह्यला," त्या म्हणाल्या.

सकाळपासून चालू असलेला लॅपटॉप तापला होता आणि त्याची गरम हवा त्या भोकाला लागूनच बाहेर पडत होती. उन्नतीनं मोबाइलचा दिवा आत धरला. आत पिवळसर काहीतरी होतं, आणि त्या पिवळ्यात एक काळा ठिपका. मिऱ्याचा दाणा होता.

सगळ्यांनी मारोतरावांकडे पाहिलं.

"मी तं फक्त माप घेतलं होतं," मारोतराव म्हणाले.

उन्नतीच्या मनात एकदम संताप उसळला. सकाळपासूनची धावपळ, तो अर्धा लिहिलेला ईमेल, गेलेला वेळ, सगळं जिभेवर आलं. तिनं वर पाहिलं. समोर तो चिंब दुपट्टा होता, आणि तिच्यासाठी तीनदा उन्हात जाऊन आलेला माणूस शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखा मान खाली घालून बसला होता. संताप जिभेवरच विरला. तिला हसू आलं, आणि हसताना राहिलेलं रडूही येऊन गेलं.

"म्हणजे मदरबोर्ड चांगला आहे," धम्मानंद सर म्हणाले. त्यांना किंचित वाईट वाटलेलं दिसलं.

लॅपटॉप बंद केला. शोभाताईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि पायातला काटा काढावा तशी अलगद फिरवली. पीठ ओलं असतं तर चिकटून बसलं असतं. पण ते चांगलं भाजून निघालं होतं, त्यामुळं अख्खा कोपरा कुरकुरीत सुटून तळहातावर पडला. शोभाताईंनी सवयीनं तो जिभेवर ठेवला.

"पापडखार जास्त झाला," त्या म्हणाल्या.

कन्व्हर्टर या वेळी शेवटपर्यंत आत गेला. मॉनिटरवर चित्र आलं. भिंतीएवढं स्वच्छ. सगळ्यांनी श्वास सोडला आणि चित्र गेलं. उन्नतीनं कन्व्हर्टरची पिन जरा दाबली तर पुन्हा आलं. हात काढला, लुकलुकलं आणि गेलं. धम्मानंद सर म्हणाले, "पिठानं पोर्ट थोडं ढिलं झालं असेल. कुणीतरी धरून ठेवावं लागेल." आता दुसरा काही उपाय शोधायला वेळ नव्हता.

"मी धरतो," मारोतराव म्हणाले. कुणी नाही म्हणायच्या आत ते टेबलाखाली शिरले होते. एक हात तेवढा वर टेबलाच्या कडेवर आला आणि पिन दाबून राहिला. बाकीचे मारोतराव खाली मांडी घालून बसले. आवाज नको म्हणून कूलर बंद केला. सर वर गेले. शोभाताईंना धूळ दिसली की राहवत नाही. त्यांनी जाता जाता पदरानं मॉनिटर पुसला, मागच्या निळ्या केबलचे दोन्ही स्क्रू हलत होते ते बोटांनी पिळून घट्ट केले, आणि दार ओढून घेतलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चार वाजता पुण्याच्या हर्षा मॅडम पडद्यावर आल्या. चष्मा, आखूड केस, आवाज स्पष्ट. दोन शब्द हवापाण्याचे झाले आणि त्या म्हणाल्या, "परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कुणी नसावं असा आमचा नियम आहे. एकदा कॅमेरा फिरवून खोली दाखवाल का?"

कॅमेरा लॅपटॉपला होता. लॅपटॉप फिरवला तर पिन सुटणार. न फिरवावा तर काय सांगणार? टेबलाखालचा श्वास थांबलेला तिला ऐकू आला. एक खोटं तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण चुका शोधून काढायची नोकरी मागताना पहिलंच वाक्य चुकीचं बोलायचं, हे तिला जमेना.

"मॅडम, खोलीत माझे सासरे आहेत," ती म्हणाली. "टेबलाखाली."

हर्षा मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"टेबलाखाली का?"

मग उन्नतीनं सगळं सांगितलं. पेन्सिल, मॉनिटर, लाटी, धरमपेठ, वास. सांगताना तिलाच ते खरं वाटेना. हर्षा मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"त्यांना बाहेर यायला सांगा."

"ते बाहेर आले तर स्क्रीन जाईल, मॅडम."

"अहो आजोबा," हर्षा मॅडमनी आवाज चढवला, "तुम्हाला घरांच्या नकाशांतलं काही कळतं का?"

"मले मोटारपंपातलं समजते, मॅडम," टेबल म्हणालं.

"सूनबाईंना काही सुचवायचं नाही."

"तिले काय सुचवू? मी सुचवलं म्हणून तं हे झालं."

हर्षा मॅडमच्या ओठांच्या कडा हलल्या. "बरं, बसा तिथंच. पण आता एक शब्द बोलायचा नाही."

टेबलाखालून होकारसुद्धा आला नाही.

नकाशा पडद्यावर आला. दुमजली घर, जिना, अंगण, सगळं. आणि तो पाहताच उन्नतीला तीन वर्षांपूर्वीची आपली खुर्ची आठवली. न्हाणीघराचं दार उघडलं की बेसिनवर आपटेल, ती म्हणाली. जिन्याच्या वळणावर तुळई इतकी खाली आहे की उंच माणसाचं डोकं लागेल. दर्शनी चित्रात ही खिडकी आहे, नकाशात त्या जागी भिंत आहे. वरच्या मजल्याचा खांब खालच्या बैठकीच्या मधोमध अधांतरी येतो. ती बोलत गेली, बोट दाखवत गेली. पडदा एकदाही लुकलुकला नाही. टेबलाखाली मारोतराव घामानं निथळत होते. एक हात बधिर झाला की ते अलगद दुसरा लावत.

"आणि एक," उन्नती म्हणाली. "स्वयंपाकघराचं पाणी जायला उतार बाहेरच्या बाजूला हवा. इथं तो आत दाखवलाय. पाणी सगळं देवघरात येईल."

हर्षा मॅडम पुढं वाकल्या. समोरचे कागद उलटसुलट केले.

"या नकाशात आम्ही चार चुका मुद्दाम घालून ठेवल्या आहेत," त्या सावकाश म्हणाल्या. "तुम्ही पाच सांगितल्यात. पाचवी आमची आहे." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. "या घराचं बांधकाम पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं. तुम्ही एक तारखेपासून येऊ शकाल का? म्हणजे घरीच, पण कामावर."

उन्नती दोनदा हो म्हणाली.

"लॅपटॉप आणि स्क्रीन कंपनी पाठवेल," हर्षा मॅडम म्हणाल्या. "सगळ्या केबलींसकट. आजोबांना उठायला सांगा आता." आणि त्या पडद्यावरून गेल्या.

"बाबा," उन्नतीनं वाकून हाक मारली, "झालं."

मारोतरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि बोलू का, असं भुवयांनी विचारलं.

"बोला ना बाबा. लागली नोकरी."

"लागली?" त्यांनी पिनवरचा हात काढला आणि दुपट्ट्यानं आधी घाम पुसला, मग डोळे पुसले. मग पुन्हा डोळेच पुसले. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून ते पाठमोरे, गुडघ्यांवर, हळूहळू टेबलाखालून बाहेर सरकू लागले.

उन्नतीचं लक्ष मॉनिटरकडे गेलं. पिन कुणीही धरली नव्हती. चित्र तसंच होतं. स्वच्छ, स्थिर, भिंतीला खिळा ठोकून टांगल्यासारखं. दार उघडून शोभाताई आत आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मोकळ्या पिनेकडे पाहिलं, मघाशी आपण पिळलेल्या त्या दोन स्क्रूंकडे पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. उन्नतीनं झटकन, सांगू नका अशी मान हलवली, आणि मारोतराव टेबलाला धरून उभे राहायच्या आत मॉनिटरचं बटण दाबलं.

मारोतराव वळले. पडदा काळा होता.

"पाह्य," ते म्हणाले, "सोडलं का गेलं."

"हो ना बाबा," उन्नती म्हणाली. "तुम्ही धरून बसले म्हणून जमलं सारं."

"मंग." मारोतरावांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. गेल्या कित्येक दिवसांत ते एवढे ताठ उभे राहिले नव्हते. "मी म्हणलंच होतं सरले, ढिलं झालं तं माणूस लागते."

"मी पन्हं आणते," शोभाताई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आधी तोंडाला पदर लावला.